सोमाजीकाकांची उंच टायरं

नचिकेत, परवा तू तुझ्या बाबाला फोनवर विचारत होतास की नव्या पिकअपला कोणत्या मापाची टायरं घालावीत. गाडी मोठी, मागे पाण्यातली बोट जोडून ओढायची, आणि दुकानातली सगळ्यात उंच टायरं तुझ्या मनात भरलेली. तुझा बाबा 'तुला पटेल तसं कर' म्हणाला आणि जेवायला बसला. मी शेजारीच मेथी निवडत होते. मला पुष्कळ बोलायचं होतं, पण फोनवर मला नीट क्रमाने बोलता येत नाही, आणि या टायरांची गोष्ट सांगायची तर आधी सोमाजीकाका सांगावे लागतात. म्हणून हे लिहिते आहे. जुई, तूही वाच. टायरांसाठी नव्हे, त्या माणसासाठी.

सोमाजीकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आम्ही मुलं त्यांना काकाजी म्हणत असू. वडील गोंदियाला वकिली करायचे आणि काकाजी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या पलीकडे आमच्या गावी मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, बघायचे. गावाला मोठा तलाव होता, तलाव बांधण्यात नावाजलेल्या आमच्याच कोहळी पूर्वजांनी बांधलेला, आणि त्या तलावाखाली सगळ्या गावाची धानाची शेती. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा उंच बांध, कुठे खचते आहे हे काकाजींना पायाखाली कळायचं. तांब्यातलं पाणी जमिनीवर ओतून ते कुठे धावतं एवढं बघून ते पाट आखायचे, आणि तो पाट कधी चुकला नाही. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच रागाने लिहिणार आहे.

त्यांचे हात फार मोठे होते. फूटपट्टी घरात माझी एकटीची होती. काकाजी सगळं वितीने मोजायचे आणि त्यांची वीत म्हणजे दुसऱ्या कुणाची सव्वा वीत. एकदा त्यांनी कोठीच्या खोलीसाठी आमगावच्या सुताराला निरोप धाडला, दार इतक्या वितीचं कर. सुतार सज्जन माणूस, त्याने आपल्या वितीने मोजून सुंदर सागवानी दार करून आणलं. ते चौकटीत निम्मंअर्धं हलायला लागलं. काकाजींनी दाराकडे पाहिलं, सुताराचा हात आपल्या हातात घेऊन पाहिला आणि निकाल दिला की दार बरोबर आहे, सुताराचा हात लहान आहे. मग दार बदललं नाही, चौकट खालून-वरून विटांनी बुजवली. त्या दारातून घरातली सगळी माणसं सरळ जायची. डोकं आपटायचं ते एकट्या काकाजींचं. आपटलं की ते सुताराला शिवी द्यायचे.

त्यांना कुणी काही सुचवलं की ते थांबायचे, समोरच्याकडे शांतपणे बघायचे आणि म्हणायचे, "तू सांगून राहिली का विचारून राहिली?" विचारून राहिली म्हटलं तर ते तासभर समजावून सांगत. सांगून राहिली म्हटलं की संभाषण संपलं. माझे वडील कोर्टात भल्याभल्यांना उलटतपासणीत रडवायचे, पण या एका प्रश्नापुढे तेही टोपी उचलून घराबाहेर पडायचे.

मी नागपूरला कॉलेजात शिकत होते तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. काकाजींकडे एक लॉरी होती. दिवाळीनंतर धान निघालं की लॉरीत पोती भरायची, शिवाय लॉरीच्या मागे साखळीने भरलेली बंडी जोडायची आणि सगळी वरात गोंदियाच्या राइस मिलला न्यायची. बैलांच्या बंडीला लॉरी जुंपण्याची ही कल्पना त्यांची स्वतःची आणि ते तिच्यावर फार खूश होते. पेट्रोल कूपनवर मिळायचं, ते पुरायचं नाही, म्हणून लॉरीच्या पाठीला लोखंडी पिंप बसवलेलं होतं. त्यात कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. चालायचं, पण दमेकऱ्यासारखं. ड्रायव्हर होता गोंदियाचा बिसन. तो सकाळी पिंपात कोळसा भरतानाच कण्हायला सुरुवात करी आणि लॉरी उभी राहीपर्यंत थांबत नसे, त्यामुळे त्याचं कण्हणं कुणी मनावर घेत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात लॉरीची टायरं फाटायला आली. रबर तेव्हा सरकारच्या ताब्यात. परवाना मिळवायचा, जुनी टायरं जमा करायची, तेव्हा नवी हातात. परवान्यासाठी वडिलांनी गोंदियात बरेच उंबरठे झिजवले आणि शेवटी एक दिवस काकाजी, बिसन आणि मी टायरच्या दुकानात गेलो. मला बरोबर घेतलं ते इंग्रजी वाचायला.

दुकानाच्या भिंतीवर एक छापील तक्ता होता. कोणत्या गाडीला कोणतं टायर, ते त्यात होतं. आमच्या लॉरीपुढे सहा-वीस लिहिलेलं. म्हणजे टायर सहा इंच जाड आणि आतलं लोखंडी चाक वीस इंचांचं. मी वाचून दाखवलं. काकाजींनी मान डोलावली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या साडेसात-वीसच्या टायरांपाशी गेले. आतलं चाक तेवढंच, पण टायर चांगलं जाडजूड, आणि म्हणून उंच. त्यांनी जमिनीपासून वरपर्यंत विती टाकल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

दुकानदार म्हणाला, "पटेलजी, ये नंबर आपकी गाड़ी का नहीं है. दिखेगा अच्छा, खींचने में रोएगा."

काकाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले की याच्याकडे या मोठ्या टायरांची एकच जोडी आहे, ती याला दुसऱ्या कुणाला द्यायची असणार.

मी ठरवलं की समजावून सांगायचं. गणित माझा विषय होता आणि हे गणित सोपं होतं. मी म्हटलं, "काकाजी, हे टायर उंच आहे. एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाईल."

"मंग चांगलंच हाये ना."

"नाही ना. तेवढा जास्त जोर इंजिनाला दर फेऱ्याला लावावा लागेल. मागे ओझं असलं की तो पुरणार नाही."

"बंडीचं चाक मोठं काऊन करते? बैलाले हलकं जावं म्हनून. लहान चाक खड्ड्यात पडते. मोठं चाक खड्ड्यावरून जाते. हे बैलाले समजते."

"पण बंडीचं चाक बैल ओढतो, काकाजी. लॉरीचं चाक स्वतःच ओढतं. ओढणारं चाक वेगळं आणि ओढलं जाणारं वेगळं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला खरंच वाटलं की पोचलं. मग त्यांनी विचारलं, "तू सांगून राहिली का विचारून राहिली?"

"सांगते आहे."

"मंग झालं," म्हणाले आणि दुकानदाराला त्यांनी टायरं काढायला सांगितलं.

जुनी, बरोबर मापाची टायरं सरकारजमा झाली. नवी मागच्या चाकांना चढवली तर ती चाकावरच्या पत्र्याच्या पंख्याला घासायला लागली, म्हणून लोहाराकडून पंखे कापून घेतले. लॉरी मागून उचललेली, नाकावर उतरलेली दिसायची. परतीच्या सपाट रस्त्यावर रिकामी लॉरी पूर्वीपेक्षा जोरात पळाली हेही खरं, आणि तेच वाईट झालं. सबंध वाटेत काकाजी मला एकच शब्द ऐकवत होते, "पाह्य." मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या म्हणण्यात हे आधीच होतं, ती सपाटीवर पळणारच, पण ते सांगायला जागा उरली नव्हती.

त्या वर्षी पावसाळा चांगला लागला आणि शेवटी दगा देऊन गेला. हस्ताचा पाऊस आलाच नाही. मी दसऱ्याच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा धान पोटरीत होतं, म्हणजे लोंबी अजून पानाच्या आत. या वेळी पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाही तर नुसतं तणस राहतं. तलावात पाणी होतं, पण ते तुडुमाच्या खाली गेलं होतं. तुडूम म्हणजे पाळीतून पाटात पाणी सोडायचं तोंड. पाणी डोळ्यांसमोर आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा, असं ते दृश्य. माणसं सकाळी पाळीवर येऊन उभी राहत, पाण्याकडे बघत आणि घरी जात.

काकाजींनी गावाला शब्द दिला की पाणी वर आणतो. गोंदियाच्या एका कंत्राटदाराकडे पुलाच्या पायातलं पाणी उपसायचा तेलावरचा पंप होता, इंजिनासकट चार छोट्या लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेला. थोड्या दिवसांसाठी तो मिळाला. लॉरीमागे जोडून काकाजींनी तो गोरेगावावरून आमच्या गावापर्यंत ओढत आणला, सगळा सपाट रस्ता असूनही रांगत. गाव सगळं पाळीखाली जमलं होतं. आता एवढंच राहिलं होतं की पाळीचा चढ चढायचा आणि पंप पलीकडे पाण्याशी उतरवायचा.

लॉरी अर्ध्या चढावर गेली, इंजिन गुरगुरलं, धाप टाकली आणि बंद पडलं. लॉरी आणि पंप दोन्ही हळूहळू मागे यायला लागले आणि माणसांनी चाकाखाली दगड टाकले.

पुढचे दिवस आठवले की मला आजही हातातलं काम ठेवून उठावंसं वाटतं. काकाजींनी कोळसा ओला म्हणून ठरवला आणि दुसऱ्या लाकडाचा कोळसा आणवला. मग बिसनला क्लच कळत नाही म्हणून त्याला उतरवून स्वतः बसले. क्लच जळल्याचा वास गावभर झाला. मग चढावरची माती पोकळ म्हणून मुरूम पसरला. मग लॉरीच्या पुढे बैलजोड्या जुंपल्या. पुढे बैल, मधे लॉरी, मागे पंप. बैल लॉरीच ओढत होते. पंप कशाला हलतो? बिसन कपाळाला हात लावून म्हणाला, "मालिक, ये चक्का ही इसका बैरी है." कण्हणारा माणूस, त्याचं कोण ऐकतो? मी एकदा म्हटलं की गोंदियाहून दुसऱ्या कुणाची, बरोबर मापाच्या टायरांची लॉरी मागवू, वडिलांना निरोप देते. मला तोच प्रश्न आला. मी तेच उत्तर दिलं. पाळीच्या खाली बांध्या दिवसागणिक पिवळ्या पडत होत्या आणि आम्ही दोघं शहाणी माणसं तिथे उभी राहून तीच दोन वाक्यं एकमेकांना ऐकवत होतो.

शेवट केला तो काकीने. काकी बुटकी, तोंडाने फटकळ, आणि या माणसाबरोबर तिने अर्धं आयुष्य काढलेलं. ती जेवणाची टोपली घेऊन पाळीवर आली, लॉरीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवून अगदी गरीब आवाजात म्हणाली, "मी बापा विचारून राहिली हो. पान्याले पंप पाहिजे, का पंपाले लॉरी पाहिजे?"

काकाजी पंपाच्या गाड्यापाशी गेले. त्याच्या लोखंडी चाकावर त्यांनी वीत ठेवली. ते चाक त्यांच्या दोन वितीसुद्धा भरलं नाही. आणि मग तो माणूस जागा झाला. लॉरी सोडा म्हणाले. लाकडाच्या तीन बल्ल्या उभ्या करून तिकाटणं बांधलं, दोर लावून इंजिनासकट पंप उचलला, खाली दोन बंड्यांची मोठाली चाकं आणि आस घातले, सागाच्या तुळयांनी ते एकमेकांना जखडले. कुठे दोर आवळायचा, कुठे सैल ठेवायचा, कोणती बैलजोडी पुढे, कोणती मागे, सगळं त्यांना आपोआप येत होतं आणि प्रत्येक माणूस त्यांचं बोट जाईल तिथे धावत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ते धूड बैलांच्या मागे पाळ चढून गेलं. मोठं चाक खड्ड्यावरून गेलं. ते दुकानात म्हणाले होते तसंच.

त्या दिवशीच्या काकाजींचं मला फार कौतुक वाटतं. आणि रागही त्याच दिवशीच्या काकाजींचा सगळ्यात जास्त येतो, कारण हे सगळं त्यांना पहिल्याच दिवशी येत होतं.

पंप सुरू झाला. गावातला पाणी वाटणारा माणूस म्हणजे पाणकर. आमचा पाणकर तुळशीराम फावडं घेऊन पाटावर हजर झाला. रीत अशी होती की पाणी पाळीपासून सुरू व्हायचं आणि बांधीमागून बांधी भरत शेवटपर्यंत जायचं. पाळीला लागून पहिल्या बांध्या आमच्याच. तुळशीराम आमच्या बांधीचं तोंड फोडायला वाकला तेव्हा काकाजी म्हणाले, "शेपटाकडून सुरू कर."

तुळशीरामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो म्हणाला, "मालक, खालून वर येतवरी दिवस जातीन. तुमचं धान राहणार नाई."

"मी विचारून राहिलो का?"

गेलेले दिवस कुणामुळे गेले हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. काकाजींनी आपल्या बांध्यांची तोंडं स्वतःच्या हातांनी चिखलाने लिंपली आणि पाणी शेजारून वाहत जात असताना बांधावर बसून राहिले, न जाणो घरच्याच कुणी फावडं मारलं तर. शेपटाकडची धानं वाचली, मधलीही बरीचशी. पंप परत द्यायचा दिवस आला तेव्हा पाणी आमच्या कडेला पोचलेलं नव्हतं. आमच्या बांध्यांतली लोंबी पांढरी आणि पोकळ निघाली. हातात घेऊन फुंकर मारली की उडून जायची.

काकीने पंप परत गेला त्या रात्री स्वयंपाक केला पण वाढलं नाही. ताटं मांडून ठेवली आणि मला ऐकवायच्या निमित्ताने त्यांना म्हणाली, "धान मारून टाकलं, पन तोंडातून एक शबुद नाई. चुकलो म्हनायले काय लागते, बाई? फुकट हाये तो." काकाजींनी स्वतः वाढून घेतलं. पुढे वर्षभर त्या घरात जाडंभरडं विकतचं धान्य शिजलं आणि ते शिजवलं काकीने. ही गोष्ट मी जेव्हा जेव्हा कुणाला सांगितली तेव्हा ऐकणारे म्हणाले, केवढा मोठा माणूस. असेल. मला अजून ठरवता येत नाही. एवढा मोठेपणा करण्यापेक्षा पहिल्या दिवशी एक वाक्य ऐकलं असतं तर काकीचंही धान वाचलं असतं. त्या वेळी मी सुट्टी संपायच्या आधीच नागपूरला निघून गेले.

लॉरी पुढे गोठ्याच्या मागे विटांवर चढली. बिसन दुसरीकडे कामाला लागला आणि तिथेही कण्हत असणार.

तेव्हा नचिकेत, तुझ्यापुरतं सांगायचं तर एवढंच की तुझी ती बोट ज्या गाड्यावर ठेवतोस त्याची चाकं मोठी असली तर हरकत नाही. पिकअपला मात्र तिच्या दारावर जो नंबर लिहिलेला असतो तोच घाल. मी सांगते आहे, विचारत नाही.

काकाजींना मी शेवटचं पाहिलं ते माझ्या लग्नानंतर. युद्ध संपलेलं होतं, मी जबलपूरला जायची होते आणि गोरेगावच्या सडकेपर्यंत ते मला पोचवायला आले. अंगणात बंडी उभी होती तिच्याकडे मी बघतच राहिले. लॉरीची ती साडेसात-वीसची टायरं त्यांनी लोहाराकडून आस करवून घेऊन बंडीला बसवली होती. पाळीचा चढ बैलांनी चालता चालता पार केला. धक्का नाही, खडखड नाही. मी काही बोलेन याची त्यांनी वाट पाहिली असावी. मी बोलले नाही. मीही त्याच घरातली होते.

सडकेवर ट्रंक उतरवून झाली. प्रवासी मोटर यायला वेळ होता. काकाजी बैलांच्या अंगावरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दुकानात भिंतीले कागद होता. त्याच्यात आपल्या लॉरीचा कोनता नंबर होता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "सहा-वीस."

"सहा-वीस," ते म्हणाले.

इतक्या वर्षांचं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही सांगून राहिले का विचारून राहिले?"

त्यांनी सडकेकडे पाहिलं. "तुही मोटर आली," म्हणाले. सडकेवर धूळसुद्धा उडत नव्हती.

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी डोक्यावर तो मोठा हात ठेवला, बंडी वळवली आणि निघाले. रबराच्या चाकांमुळे तिचा आवाजच येत नव्हता, नुसती ती लहान होत जाताना दिसत होती. वळणावर ती थांबली. काकाजी खाली उतरले. मी आता बघत नसेन असं त्यांना वाटलं असावं. ते टायरापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी जमिनीपासून वर वीत टाकली, मग आणखी एक, आणि मग बोटं आखडून, वीत दुसऱ्या कुणाच्या वितीएवढी लहान करून, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.